अंगणातून अख्खं निघालेलं झबलं

"सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, माई. शिवूच्या पप्पांचा दुधाचा टेम्पो तेव्हाच निघतो, म्हणून वेळ मला पक्की ठाऊक आहे. आता तुम्हीच सांगा, हा चमत्कार नाही तर दुसरं काय आहे?"

माई गवत कापत होत्या. कापत राहिल्या.

मोनाली वस्तीवरून टेकडी चढून थेट मठाच्या मागच्या अंगाला आली होती. कडेवर दोन वर्षांचा शिवू, हातात कापडी पिशवी, छाती भात्यासारखी वरखाली. तरी तोंड थांबत नव्हतं. आनंद गगनात मावत नाही म्हणतात ना, तसं झालं होतं तिचं.

तिनं पिशवीतून झबलं काढलं आणि देवाचा प्रसाद धरावा तसं दोन्ही हातांवर धरलं.

झबलं मळलेलं होतं, पण अख्खं होतं. काठ अख्खा, शिवण अख्खी, गळ्याचं टिचबटणसुद्धा जागच्या जागी. त्यावर बायकांच्या हळदकुंकवाची बोटं उमटली होती.

"वर्षभर जमिनीत होतं, माई. अख्खा पावसाळा वरून गेला. एक दोरा उसवला नाही."

माईंनी विळा खाली ठेवला.

रेवामाई मठात एकट्याच राहायच्या. तरुणपणी नर्मदेची परिक्रमा पायी केली, तेव्हापासून लोक त्यांना रेवामाई म्हणायला लागले. खरं नाव कुणाला माहीत नाही. प्रवचन नाही, अंगारा नाही, ताईत नाही. कुणी अडचण घेऊन आलं तर त्या त्याच्या हातात झाडू द्यायच्या, नाहीतर शेंगा सोलायला बसवायच्या. वस्तीतल्या बायका हसायच्या. म्हणायच्या, माईंकडं प्रश्न नेला की काम मिळतं, उत्तर घरी आल्यावर सापडतं.

झबल्याची रीत त्यांच्या मठाचीच. लेकरू वर्षाचं झालं की त्याची दोन झबली मातीला द्यायची. दोन्ही एकाच जुन्या सुती लुगड्याची. एक घरच्या अंगणात पुरायचं, एक मठाच्या मागं. दोन्हींवर शेवगा लावायचा. त्याला ठेव म्हणतात. ठेवीवर वाढलेला शेवगा त्या लेकराच्या नावाचा.

मोनालीनं शिवूची ठेव गेल्या मार्गशीर्षात ठेवली होती. तिच्या आजीच्या नऊवारीतून स्वतः हातानं शिवली होती दोन्ही झबली.

माईंनी झबलं घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. मग नाकाशी नेलं.

"वासच नाही," त्या म्हणाल्या.

"तेच तर, माई. कुबट नाही, कुजकट नाही. एकदम शुद्ध."

माईंनी मान हलवली. त्या मान हलवण्यात हो होतं की नाही, ते मोनालीला कळलं नाही. तिला एवढंच दिसलं की माईंनी मान हलवली.

मग तिनं सगळं सांगून टाकलं. पहारीला कापड लागलं तेव्हा तिनं ते कसं अलगद सोडवून घेतलं. शेजारच्या हौसाबाईंनी कसा तिथल्या तिथं नारळ फोडला आणि पाणी सांडलं म्हणून स्वतःच कसा शुभशकुन काढला. थोरल्या जाऊबाईंनी, ज्या एरवी चुलीचं लाकूडसुद्धा मोजून देतात, त्यांनी येऊन तिच्या पायाला हात लावला. तिच्या पायाला. काल ज्या बाईला कुणी रस्त्यात वाट देत नव्हतं, तिच्या.

"आणि आता सगळ्यांना माझ्या अंगणातली माती पाहिजे, माई. मूठमूठ. जाऊबाईंची लेक बाळंतपणाला आलीय ना, तिच्या उशाखाली ठेवायला. कुणी म्हणतं आपल्या दारात टाकू. मी म्हटलं, आधी माईंना विचारून येते. तुम्ही हो म्हटलात की संध्याकाळी वाटते."

शिवू कडेवरून उतरायला चुळबुळ करत होता. त्याचा एक गाल टम्म फुगलेला.

"याच्या तोंडात काय आहे?" माईंनी विचारलं.

"सकाळचा घास. तसाच धरून बसतो हो." मोनालीनं हात झटकला. आज तिला त्याचीसुद्धा काळजी करायची नव्हती. "अंगण असं चांगलं कशानं झालं ते नाही विचारलंत?"

"सांग."

ही गोष्ट सांगायला तर तिला फार आवडायचं.

शिवू रांगायला लागला तेव्हाची. ती भाकऱ्या करत होती, तो अंगणात सतरंजीवर. पावसाळ्यानंतर अंगणात गवत माजलेलं. त्या गवतातून फुरसं निघालं. सतरंजीपासून हातभर. हौसाबाईंनी काठीनं दूर सारलं म्हणून निभावलं. पण त्या दिवसापासून मोनालीच्या डोळ्याला डोळा लागेना. वारा हलला तरी तिला गवतात काहीतरी सरपटल्यासारखं वाटायचं.

मग तिनं कांद्याच्या वावरासाठी आणलेलं तणनाशक काढलं, पाठीवर पंप घेतला आणि सगळं अंगण फवारून काढलं. आठवडाभरात गवत पिवळं पडलं, मग काळं. तिला इतकी शांत झोप कितीतरी दिवसांनी लागली. नंतर जरा कुठं हिरवं दिसलं की पंप पाठीवर. बाटलीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा थोडं जास्तच घालायची, उगाच जोखीम नको. पालापाचोळासुद्धा पडू द्यायची नाही, झाडून जाळून टाकायची.

"आता माझं अंगण बघा, माई. आरसा. अख्ख्या वस्तीत तसं कुणाचं नाही. एक काडी उगवत नाही."

"काडीसुद्धा नाही?"

"नाही."

"शेवगासुद्धा?"

...

मोनालीनं शिवूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

शेवगा लागला नव्हता. पहिलं रोप वाळलं. दुसरं आणलं, तेही वाळलं. फवारताना ती रोपावर पाटी पालथी घालायची, औषधाचा थेंब पडू द्यायची नाही. पाणी घालायची, तेवढं वरच्यावरच वाहून जायचं. तरी रोप खाली मान घालून बसायचं आणि मग एक दिवस हातात यायचं, मुळाला माती न लागता. आज सकाळी तिसरं काढायला म्हणून तिनं पहार घेतली होती. खुरपं त्या जमिनीत शिरतच नव्हतं.

आणि इथं शिवू असा. वजन वाढत नाही. घास गालात. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, काही पोरं अशी असतात, खाईल हळूहळू. पण जाऊबाई पाण्याच्या टाकीवर सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, ज्याच्या नावाचं झाड धरत नाही ते लेकरू तरी कसं बाळसं धरील?

ते वाक्य मोनालीच्या छातीत रुतून बसलं होतं. दिवसा कामात विसरायची. शिवूनं घास थुंकला की पुन्हा वर यायचं.

आणि आज हे झबलं.

"मला आता कळलं ना, माई," ती घाईघाईनं म्हणाली. "झाड लागत नव्हतं ते अपशकुनानं नाही. खाली देवानं झबलं सांभाळून ठेवलं होतं. त्याच्यावर झाड कसं वाढेल? माझ्या शिवूला काही होणार नाही. हेच आहे ना ते? तेवढं फक्त एकदा म्हणा."

तिनं माईंच्या हातातल्या झबल्याकडं बोट केलं.

माईंनी तिच्याकडं बघितलं.

"दुसरी ठेव कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

मठाच्या मागं उतारावर लेकरांच्या ठेवी होत्या. प्रत्येकीशी एक धोंडा, धोंड्यावर गेरूनं नाव. मोनालीला शिवूचा धोंडा सापडेना. आघाडा, केना, दूर्वा, सगळ्यांनी मिळून उतार झाकून टाकला होता. पायवाटेला मात्र गवत बोटभरच, माईंच्या विळ्यानं राखलेलं. शेवटी धोंडा सापडला आणि तिनं वर बघितलं.

शेवगा तिच्या डोक्याच्या वर गेला होता. फुलं आली होती.

"खण," माई म्हणाल्या.

"पहार?"

"हात आहेत की."

मोनालीनं शिवूला माईंपाशी बसवलं आणि बुंध्यापासून थोडं बाजूला बोटं घातली. बोटं आत गेली. तिला वाटलं पिठात हात घातला. माती काळी होती, भुसभुशीत, हाताला गार. सडक्या पानाखाली पांढरे धागे पसरले होते, कोळ्याच्या जाळ्यापेक्षा बारीक. एक गांडूळ वळवळत बाजूला झालं. एक लाल किडा आला आणि आपलं काहीतरी राहिल्यासारखा परत आत गेला. आणि वास. झाकण काढलेल्या रांजणासारखा, गार, ओला, पोटभर वास.

कापड मात्र सापडेना.

तिनं अजून खणलं. मुळ्यांच्या मधून, मुळ्यांच्या खालून. शेवटी बोटाला काहीतरी टणक लागलं.

गंजलेलं टिचबटण.

बाकी काही नाही. काठ नाही, शिवण नाही, आजीच्या लुगड्याचा हिरवा रंगसुद्धा नाही. बटणाच्या भोकातून शेवग्याचं एक पांढरं मूळ आरपार गेलं होतं.

मोनाली बटण तळहातावर घेऊन बसून राहिली. आधी तिला रडू आलं. आजीचं लुगडं, तिचे टाके, सगळं गेलं. मग त्या रडण्यातच तिला एक आधार सापडला आणि तिनं मान वर केली.

"म्हणजे इथल्या मातीनं खाऊन टाकलं, माई. माझ्या मातीनं नाही खाल्लं. राग नका मानू, पण मग माझंच अंगण जास्त पवित्र म्हणायचं ना?"

माई हसल्या. दात नव्हते, त्यामुळं ते हसू सगळं हिरड्यांचं होतं, तान्ह्या लेकरासारखं.

शिवूनं तेवढ्यात मातीची चिमूट उचलली आणि तोंडाकडं नेली. मोनाली झेपावली. माईंनी त्याचा हात मधेच धरला होता.

"माती मातीचं खाईल," त्या त्याला म्हणाल्या. "तू तुझं खा."

मग त्यांनी एका हातानं त्याची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताचं बोट अलगद गालात घातलं आणि सकाळचा घास बाहेर काढला.

दूधभाताचा गोळा. गोल. आईच्या बोटांनी केला तसाच.

माईंनी ते अख्खं झबलं मोनालीच्या मांडीवर पसरलं आणि घास त्यावर ठेवला.

"बघ," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तोंडात आहे. दाताचा व्रण नाही. शीत मोडलं नाही. पोरी, हाही चमत्कार. बोलव तुझ्या बायकांना. नारळ आणा."

मोनालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लेकरू जेवत नाही, माई," ती म्हणाली. "यात कसला चमत्कार? घास पोटात जात नाही तर अंगाला काय लागणार? माझा जीव टांगणीला लागतो आणि तुम्ही नारळ..."

ती थांबली.

घास झबल्यावर होता. झबलं तिच्या मांडीवर होतं.

...

खाली वस्तीवर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू झाला आणि बंद पडला.

...

"ते पण जेवत नाही," मोनाली हळूच म्हणाली.

माईंनी शिवूचं तोंड पदरानं पुसलं.

"अंगण," मोनाली म्हणाली. "वर्षभर घास तोंडात धरून बसलंय माझं अंगण." तिनं झबल्याच्या कापडावरून हात फिरवला. आता कापडाला वास का नाही, ते तिलाही कळलं. "पण मी तर गवत मारलं होतं, माई. फक्त गवत."

"गवत दिसत होतं."

"आणि बाकी?"

"मुळांशी जगणारं. पानं कुजवणारं. डोळ्याला न दिसणारं." माईंनी उकरलेल्या मातीकडं बोट केलं, जिथं ते पांढरे धागे होते. "ते मेलं तर तिरडी दिसते का कुणाला? औषधानं थोडं गेलं. मुळं गेली, पाला जाळलास, म्हणून थोडं उपाशी गेलं."

मोनालीच्या डोळ्यांतून आता सरळ धारा लागल्या. तिनं विचारलं, मीच मारलं का मग? लेकराच्या झाडाचं मीच वाटोळं केलं का? जाऊबाई म्हणाल्या तेच खरं का?

"तुझी जाऊ भांड्याला भांडं लागतं तशी वाजते. झाडाचा आणि पोराच्या पोटाचा काय संबंध?" माई म्हणाल्या. "तू भ्यालीस. भ्यालेल्या आईच्या हातात विळा नव्हता, पंप होता. इतकंच."

"आणि पुन्हा फुरसं आलं तर?"

माईंनी बाजूला पडलेला विळा पायानं तिच्याकडं सरकवला. मग पायवाटेकडं बघितलं, बोटभर राखलेल्या गवताकडं.

मोनालीनंही बघितलं. त्या गवतात सापच काय, मुंगीसुद्धा दिसली असती.

पिशवीत तिचा मोबाइल वाजायला लागला. हौसाबाई. आवाज इतका मोठा की माईंनाही ऐकू येत होतं. बायका जमल्यात, झबलं निघालं तिथं पूजेचा ओटा कसा बांधायचा ते ठरवायचंय, आणि दोघीतिघी विचारतायत की तू कुठलं औषध मारतेस, त्यांनाही तसंच स्वच्छ अंगण करायचंय, आजच दुकानातून आणवतील. माई काय म्हणाल्या?

संध्याकाळपर्यंत मोनाली वस्तीतली सगळ्यात भाग्यवान बाई राहू शकत होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

तिनं झबल्यावरच्या घासाकडं बघितलं.

"हौसाबाई, औषध कुणाला आणू देऊ नका," ती म्हणाली. "आणि माती नेऊ देऊ नका कुणाला. मी आलेच." आणि फोन ठेवून दिला.

छातीतलं ते रुतलेलं वाक्य, ते जरा हललं होतं.

"आता काय करू, माई? ते अंगण परत जेवायला लागेल का? लागेल ना?"

माईंनी विचारलं, "घरात दूध आहे, तापवलेलं. विरजण संपलं. दही कसं लावतेस?"

"शेजारून मागून आणते. चमचाभर."

"लाज वाटते?"

"विरजण मागायची कसली लाज? हौसाबाई माझ्याकडून नेतात, मी त्यांच्याकडून."

"लगेच लागतं?"

"थंडीत वेळ लागतो. झाकून ठेवावं लागतं. ऊब..."

मोनाली बोलता बोलता एकदम उठून उभी राहिली. गुडघ्यांना काळी माती, नाकाला काळी माती, आणि चेहरा असा उजळलेला की शिवू बघतच राहिला. पाला जाळायचा नाही, अंथरायचा. शेण घालायचं. पंप परत वावरातल्या खोलीत, नाही, वावरातसुद्धा शिवूच्या पप्पांशी बोलायला पाहिजे. भराभर डोक्यात येत होतं आणि ती भराभर बोलत होती. माई ऐकत होत्या.

मग माईंनी शिवूच्या ठेवीतली ओंजळभर माती घेतली. धाग्यांसकट, सडक्या पानांसकट. ती अख्ख्या झबल्यात घातली, वर तो भाताचा घास ठेवला आणि झबल्याची गाठ मारून मोनालीच्या हातात दिली.

गाठोडं ओंजळभरच होतं.

"एवढ्यानं पुरेल?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"वस्तीत ज्यांच्या अंगणात शेवगा धरलाय, त्या घरांतून माग. मूठमूठ."

ज्या बायका मोनालीच्या दारातून मूठमूठ माती न्यायला जमल्या होत्या, त्यांच्याच दारात तिनं पदर पसरायचा. जाऊबाईंचा शेवगा तर सगळ्यांत मोठा. तिथंही.

शिवू उकरलेल्या मातीशी बसून रिकाम्या तोंडानं माईंच्या पदराला ओढत होता. काहीतरी मागत होता. माईंनी कनवटीची शेंग काढली, सोलली, दाणा बोटानं चिरडून त्याच्या ओठाला लावला. त्यानं जीभ बाहेर काढली. गिळला की नाही ते मोनालीनं बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं नाही.

तिनं शिवूला कडेवर घेतलं, गाठोडं पिशवीत ठेवलं, चार पावलं उतरली आणि वळली.

"माई, जाऊबाई विचारतील, चमत्काराचं काय झालं म्हणून. काय सांगू?"

माईंनी विळा उचलला होता. धार अंगठ्यावर बघत त्या म्हणाल्या,

"सांग, अंगणाला विरजण मागायला आलेय... आणि जी मूठ देईल तिला म्हणावं, आता पुढच्या दारात हे तू सांग."